अकरा माणसं आणि दोन बर्नरची शेगडी

बेळगावच्या टिळकवाडीहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलंय. त्याचा सारांश असा:

"दिवाळी झाल्यावर चार दिवसांसाठी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे एक कौलारू घर भाड्यानं ठरवलंय. घर सेल्फ-कुकिंग आहे, म्हणजे भांडी-शेगडी मालकाची, करून खायचं आपण. त्यामुळे रिसॉर्टच्या निम्म्यानं पडतं. आई, मी, बायको, आमची दोन मुलं, पुण्याचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगा, बहीण, मेहुणे आणि भाची, असे अकरा जण. समोर डोंगर, मागे रान. निम्मे पैसे भरून झालेत. बायकोला हवापालट व्हावा म्हणूनच हा सगळा घाट घातला, आणि तीच म्हणते, 'तुम्ही जाऊन या, मी घरातच बरी.' दुसरं काही बोलत नाही. तिला कसं समजावू? आणि त्या भागात फिरण्यासारखं काय काय आहे, तेही सांगा."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घराचं भाडं लिहिलंय, खोल्या किती, गाद्या किती, व्हरांडा कुठल्या दिशेला, गाडी कुठं लावायची, सगळं आलंय. भांडी-शेगडी मालकाची, यापलीकडं स्वयंपाकघराबद्दल मात्र एक ओळ नाही. चार पानांत तुमच्या बायकोचं एकच वाक्य आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती त्याच वाक्यात आहे.

आधी माझं सांगते. लग्नाला चारेक वर्षं झाली होती. गणपती झाल्यावर सासरची आम्ही नऊ माणसं कणकुंबीकडं एका नातेवाइकांच्या रिकाम्या घरात तीन दिवस राहिलो. पाऊस अजून सरला नव्हता. लाकडं ओली, चूल पेटेना, फुंकणी फुंकून डोळे लाल. बाकीचे धबधबा बघायला गेले आणि भिजून परत आले. दारातूनच चहाची ऑर्डर. नणंद म्हणाली, "वहिनी, काय पाणी होतं म्हणून सांगू!" पाणी मलाही ठाऊक होतं की. विहिरीचं, तेवढं सगळं मीच ओढलं होतं. तो धबधबा मी पुढं फोटोत बघितला. फोटोत सगळे आहेत. "तू का नाहीस गं?" असं अजून कुणी विचारलेलं नाही.

म्हणून सांगते, तिला रुसवा नाही, आळस नाही, रानाची भीती नाही. तिनं हिशेब मांडलाय. घरी ती पाच जणांचं करते, तेही आपल्या ओट्यावर, आपल्या मिक्सरवर, हाताशी ओळखीचे डबे असताना. तिथं अकरा जणांचं करायचं, परक्याच्या शेगडीवर. हळद कुठं, चाकूला धार आहे का, गॅस मध्येच संपला तर काय, या सगळ्याची काळजी वेगळी. तुम्हाला जे स्वस्त पडलंय, त्याचा फरक कुणाच्या मनगटातून निघणार आहे, ते तिला कळलंय. तुम्हाला अजून कळलेलं नाही, एवढंच.

यात आणखी एक गोम आहे, आणि ती फक्त फिरायच्या मुलखातच असते. त्या भागात चालायची खरी वेळ म्हणजे ऊन वर आल्यापासून ते साडेदहा-अकरापर्यंत. परतीचा पाऊस दिवाळीच्या मागंपुढं रेंगाळला तर दुपारनंतर ढग जमतात, विजा होतात, तेव्हा माळावर असू नये. संध्याकाळी उशिरा तर अजिबात नको, त्याचं कारण पुढं सांगते. म्हणजे राहते ती सकाळच. आणि अकरा माणसांचा चहा, नाष्टा, मुलांचं दूध, आईंचं गोळ्यांच्या आधीचं खाणं हे सगळं नेमकं त्याच तीन तासांत येतं. फिरणाऱ्याची वेळ आणि रांधणाऱ्याची वेळ एकच. जो ओट्याशी उभा राहील त्याचा डोंगर गेला. "तू पण चल की, आल्यावर बघू स्वयंपाकाचं" असं म्हणणाऱ्याला अकरा वाजता भूक लागलेली असते, तेव्हा ते धरू नका.

तेव्हा "कसं समजावू" हा प्रश्न आधी पत्रातून खोडा. करायचं काय ते बोलू.

आज पहिल्यांदा घरमालकाला फोन लावा. शेगडी किती बर्नरची? दोन असतील असं मी धरून चालते. सगळ्यात मोठा कुकर किती लिटरचा, टोप किती मोठा? मी एका ठिकाणी चौघांचा कुकर आणि चौदा ताटं बघितली आहेत. त्या कुकरनं भात तीनदा लावावा लागला आणि शेवटच्या माणसाचं जेवण दुपारच्या चहाबरोबर झालं. भरलेला जादा सिलिंडर आहे का? वीज गेली तर टाकीत पाणी कसं चढतं? पिण्याचं पाणी विहिरीचं की बोअरचं? भांडी कोण घासतं? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. आणि ते घर पर्यटन खात्याकडं होमस्टे म्हणून नोंदवलेलं आहे का, तेही विचारून पैशाची पावती मागून घ्या.

दुसरं, दुपारी शेगडी पेटवायचीच नाही, असं ठरवून जा. आपल्या बेळगावात राहून ही अक्कल आपल्याला नसावी म्हणजे कमाल आहे. कडक भाकरी कशासाठी केली मग? जोंधळ्याची, पापडासारखी, पंधरा दिवस डब्यात राहते. निघायच्या आदल्या दिवशी साठ-सत्तर भाकऱ्या विकत घ्या. घरात करायला सांगायच्या नाहीत, विकतच घ्यायच्या. त्यांच्याबरोबर शेंगाचटणी, लसणाची चटणी, दही, कांदा, काकडी, गूळ. अकरा जण व्हरांड्यात गोल बसून खाल्लं की दुपार झाली. पुण्याच्या पोराला कडकड चावायला लागली तर दह्यात बुडवून द्या, नंतर मागून खाईल. सकाळचे दडपे पोहे तुम्ही आणि मेहुणे करा. त्याला शेगडी लागते ती फोडणीपुरतीच. गोडाला कुंदा न्या. तापवायचा नाही, वाढायचा नाही, डबा उघडून फिरवायचा.

राहिली रात्र. रात्री एक टोपभर काहीतरी, खिचडी नाहीतर रस्सा-भात, आणि तो पुरुषांनी करायचा. तुम्ही म्हणाल, मला चहासुद्धा नीट येत नाही. पत्रात नाही लिहिलंत, पण लिहिणार होता. निघायला अजून तीन आठवडे आहेत. माणूस तीन आठवड्यांत गाडी शिकतो.

गावातली कुणी बाई करून देईल का, हेही तुमच्या मनात येईल. एरवी ही उत्तम सोय. आदल्या दिवशी माणसं मोजून सांगायची, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, आमटी, सगळं वेळेवर येतं आणि चव आपल्या हाताला येणार नाही अशी. पण तुम्ही काढलेल्या तारखा बघा. दिवाळीच्या पुढं खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात भाताची सुगी असते. घरातलं प्रत्येक माणूस कापणी-मळणीला शेतात. तेव्हा शहरातून येऊन "मावशी, जरा अकरा जणांचं बघा की" म्हणणं बरं दिसत नाही. कुणी आपणहून तयार झालं तर एका रात्रीपुरतं घ्या, पैसे घरमालकामार्फत नको, त्या बाईच्या हातात द्या, आणि रोख द्या. त्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेल न मिळेल, तुमचा तो स्कॅनर तिथं कामाचा नाही.

सुगीचाच धागा पुढं नेते, कारण फिरण्याचं विचारलंय. पिकलेल्या भातावर रात्री गवे उतरतात. दांडेलीकडच्या रानातले हत्ती गेल्या वीस-बावीस वर्षांत खानापूर, चंदगड, तिलारीपर्यंत येऊ-जाऊ लागलेत. शेतकरी माळ्यावर बसून राखण करतात, हाका देतात, फटाके वाजवतात. म्हणून अंधार पडायला लागला की शेताकडच्या वाटेला जायचं नाही, आणि पहाटेही नीट उजाडल्याशिवाय निघायचं नाही. दिवाळीचे उरलेले फटाके तर नेऊच नका. तुमच्या मुलांची गंमत होईल आणि माळ्यावरचा माणूस रात्रभर जागा राहील की कुठल्या बाजूला हत्ती आला म्हणून. अस्वलंही आहेत त्या रानात, आणि गव्यापेक्षा मला अस्वलाची जास्त धास्ती वाटते, कारण ते दचकलं की अंगावर येतं. चालताना बोलत चाला. तुमच्या घरची माणसं एवढं करतीलच.

फिरायचं कुठं? भीमगड अभयारण्य तिथून जवळ. 2011 साली जाहीर झालं, साधारण 190 चौरस किलोमीटरचं. किल्ला आणि बारापेडेच्या गुहांबद्दल मुलांनी ऐकलं असेल. रॉटनचं वटवाघूळ म्हणून एक दुर्मीळ जात आहे, तिच्यासाठी त्या गुहा जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहेत. पण अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि गुहेत अकरा माणसांचा कालवा घेऊन जाणं हा कायद्याशिवायचा गुन्हा. धबधब्यांचंही तेच. वज्रपोह्याला जायचं मनात असेल तर आधी वनखात्याकडं चौकशी करा, वाट बंद असेल तर बंद. "ओळखीचा माणूस आहे, सोडतो" असं मेहुणे म्हणतील. त्यांना पोहे करायला बसवा.

मला विचाराल तर त्या मुलखाची खरी मजा मोठ्या नावांच्या ठिकाणांत नाही. गाडीवाटेनं दोन गावांच्या मधून चालावं, एका बाजूला कापणी, दुसऱ्या बाजूला रान. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारताना दिसते, धनेशाच्या पंखांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागून दिसतो. एक दिवस कणकुंबीला जा. माउलीचं देऊळ आणि तिथंच मलप्रभेचा उगम. आईंच्या गुडघ्यांनाही झेपेल, गाडी जवळपर्यंत जाते. तिथलं पाणी पूर्वेला निघतं, सौंदत्तीवरून कूडलसंगमाला कृष्णेला मिळतं आणि बंगालच्या उपसागराला जातं. आणि याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच तालुक्यातलं पाणी, दोन समुद्र. म्हादईच्या पाण्यावरून राज्यांत जे चाललंय ते तुम्ही पेपरात वाचताच. 2010 ला लवाद नेमला, 2018 ला निवाडा आला, भांडण काही सरलं नाही. मुलांना उगमाशी उभं करून हे सांगितलंत तर भूगोलाचा एक धडा फुकटात होतो.

बाकीचं भरभर सांगते. सावलीच्या ओल्या वाटांवर जळवा अजून असतील, पुडीत मीठ ठेवा, ओढून काढू नका. भातशेतीत उंदीर, उंदरांमागं साप, म्हणून रात्री अंगणातसुद्धा टॉर्च आणि बंद बूट. चावलाच तर बांधाबांध, कापाकापी, मंत्र काही नाही, सरळ 108 ला फोन, रेंज नसेल तर स्वतःच्या गाडीनं थेट मोठ्या दवाखान्यात. गवतात बसून आल्यावर अंग तपासा, गोचीड असते. शेजारच्या सत्तरी-दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो ताप गोचिडीमुळे येतो आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो. घरी आल्यावर पंधरा दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना "रानात जाऊन आलो होतो" हे न विसरता सांगा. रात्री थंडी पडते, आईंना शाल आणि कानटोपी. धाकटा भाऊ गोव्यावरून येणार म्हणता, त्याला सांगून ठेवा, कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते, बाटल्या तिकडंच ठेवून यायचं. आणि तारखांत 1 नोव्हेंबर येत असेल तर त्या दिवशी बेळगावातून गाडी काढायची नाही. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, मधे तुम्ही आणि सत्तर भाकऱ्या.

आता अवघड भाग. आई. पोरगा टोप घासतोय आणि सून व्हरांड्यात पाय पसरून बसलीय, हे चित्र त्यांना चार दिवस बघवेल का? पहिल्याच संध्याकाळी त्या उठतील, "सरक बाजूला, तुला काय जमतंय," म्हणतील. आई उठली की सून उठणार, सून उठली की जाऊ उठणार, जाऊ उठली की नणंद उठणार. दहा मिनिटांत चारही बायका आत आणि तुम्ही परत बाहेर डोंगर बघत. हे असंच होतं, मी बघितलंय. म्हणून आईंशी निघायच्या आधी बोला, घरी, निवांत. आणि तुम्ही बोला. बायकोकडून निरोप धाडू नका, नाहीतर सुनेनंच हे शिकवलं असं होईल. आईंना नुसतं विचारा, शेवटचं कधी त्या कुठं गेल्या होत्या की जिथं त्यांनी काही रांधलं नाही. पंढरपूर सांगतील. मग तिथं वारीत चूल कोण मांडत होतं, ते विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.

एवढं सगळं करूनही बायको "नको" म्हणाली तर? मग ती खरंच घरी राहू दे, आणि त्याचं तोंड पाडून घेऊ नका. रिकामं घर, कुणाचा डबा नाही, दुपारी वरण-भातावर भागवलं तरी विचारणारं कुणी नाही. काही जणींचा हवापालट असाच होतो. फक्त तिथून फोन करून मीठ किती घालू म्हणून विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, जावं, तर कणकुंबीकडं जाणारी बस आहे. आधार कार्ड घेऊन बसली तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत तिला तिकीटही पडत नाही, 2023 च्या जूनपासून. पुण्याच्या जावेला मात्र पडेल, तिचं आधार महाराष्ट्राचं. पण ती गाडीनंच येणार आहे. थांब्यावर घ्यायला मात्र तुम्ही स्वतः जा.

आणि आत्ता लगेच तिच्याशी यातलं काही बोलू नका. "तुला तिकडं काही करावं लागणार नाही" हे वाक्य तिनं लग्नापासून ऐकलेलं असणार. येत्या रविवारी घरीच करून बघा. बहिणीला, मेहुण्यांना, भाचीला जेवायला बोलवा. पुण्याची तिघं नाहीत, त्यांच्याऐवजी शेजारची तिघं घ्या. अकरा भरले पाहिजेत. बाजार तुम्ही आणायचा, खिचडी तुम्ही लावायची, दोनच बर्नर वापरायचे, वाढायचं, आणि मागची भांडीही घासायची. ओटा पुसायचा हे वेगळं सांगावं लागू नये. तांदूळ माणशी एक मूठ आणि वर दोन मुठी, डाळ त्याच्या निम्मी. त्या दिवशी ती कुठं जाते, काय करते, विचारू नका. पुढच्या रविवारी परत करा, मग हवं तर तिला जांबोटीचा नकाशा दाखवा.

खिचडी खाली लागणार हे नक्की. मोठ्या टोपात पहिल्या खेपेला सगळ्यांचीच लागते. टोप खरवडत बसू नका, तळाला चिंच आणि पाणी घालून एक उकळी काढा आणि रात्रभर तसाच ठेवा, सकाळी आपोआप सुटतं.